जर्मनीसाठी कव्हर लेटर करून देणारी पुण्यातली सर्व्हिस : पूर्ण पॅकेज नको, करेक्शन घ्या

आधीच सांगून टाकते, पूर्ण पॅकेज घेऊ नका, फक्त करेक्शनवालं, म्हणजे आपण लिहिलेलं लेटर तपासून मिळतं ते, घ्या. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी इथे थांबलं तरी चालेल. बाकीच्यांसाठी जरा सविस्तर लिहितेय, कारण जर्मनीला जायची तयारी करणाऱ्यांच्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवड्याला कोणीतरी विचारतंच की कव्हर लेटर कुणाकडून केलंत, चांगला माणूस सांगा ना, आणि मग खाली दहा जण दहा जाहिराती टाकतात.

सर्व्हिस पुण्यातली, डेक्कनच्या बाजूला ऑफिस, पहिला मजला, बाहेर टू व्हीलर लावायचे वांधे. नाव मुद्दाम देत नाहीये, एक तर मला कुणाशी भांडत बसायचं नाही आणि दुसरं म्हणजे अशी पॅकेजं विकणारे आता इतके झालेत की एकाचं नाव घेऊन फायदा नाही, सगळ्यांकडे साधारण हेच मिळतं. गर्दी व्हायचं कारणही आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, मग जून २०२४ पासून जर्मनीचं ते चान्सेनकार्ट सुरू झालं, म्हणजे हातात जॉब ऑफर नसताना तिकडे जाऊन नोकरी शोधायची सोय, झालं, पुण्यात जर्मनच्या क्लासेसना जागा मिळेना. आणि चाकणला तर काय, फोक्सवॅगन, मर्सिडीज डोळ्यासमोरच, त्यामुळे आमच्याकडे कँटीनमध्ये सुद्धा हाच विषय.

मी चाकणलाच क्वालिटीला आहे, ॲल्युमिनियम डाय कास्टिंगचे, म्हणजे वितळलेला धातू डायमध्ये, साच्यात, दाबून भरून केलेले पार्ट करणारी कंपनी, आमचे पार्ट पुढे गाडीच्या पंपात वगैरे जातात. जर्मन बी टू, म्हणजे मधल्यातली वरची पातळी, झालंय. बोलता येतं, वाचता येतं, पण ऑफिशियल पत्र लिहायचं म्हटलं की हात थांबतो, त्यामुळे म्हटलं पैसे टाकू आणि करून घेऊ.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जर्मनीत कव्हर लेटरला आनश्राइबेन म्हणतात आणि ते प्रकरण आपल्याकडच्यापेक्षा बरंच कडक असतं. आपल्याकडे कसं, नोकरी डॉट कॉमवर रिझ्यूमे चढवला, लिंक्डइनवर बटन दाबलं, संपलं, लेटर कोण वाचतंय. फार तर ईमेलमध्ये दोन ओळी, प्लीज फाइंड अटॅच्ड माय रिझ्यूमे. तिकडे मात्र एक पान, एकच पान, आणि त्याला डीआयएन ५००८ नावाचं स्टँडर्ड आहे, हो, पत्र कसं लिहावं याचं सुद्धा स्टँडर्ड, मी क्वालिटीवाली असल्यामुळे मला हे वाचून फारच बरं वाटलं. वर तुमचा पत्ता, मग कंपनीचा पत्ता, तारीख, मग ठळक अक्षरात विषयाची ओळ, पण "विषय" हा शब्द लिहायचा नाही, थेट पोस्टचं नाव आणि असला तर जाहिरातीचा नंबर. नमस्काराच्या ओळीनंतर स्वल्पविराम, आणि पुढच्या ओळीतलं पहिलं अक्षर लहान, कारण ते वाक्य तिथे चालूच असतं. शेवटच्या "मिट फ्रॉइंडलिशन ग्र्यूसन" (आपल्या "आपली विश्वासू"च्या जागी लिहितात ते) नंतर मात्र स्वल्पविराम नाही. इंग्रजीची सवय असलेला प्रत्येक जण या दोन ठिकाणी हमखास चुकतो. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण तिथल्या एचआरने पत्र उघडलं की पहिल्या दोन सेकंदांत तेवढंच दिसतं.

आता पॅकेजबद्दल. पूर्ण पॅकेज साडेसात हजार, त्यात रिझ्यूमे म्हणजे लेबेन्सलाउफ, कव्हर लेटर, आणि लिंक्डइन प्रोफाइल "ऑप्टिमाइझ" करून देणार. नुसतं करेक्शन, म्हणजे तुम्ही लिहिलेलं लेटर जर्मनच्या मॅडम तपासून देणार आणि फोनवर बोलणार, ते अठराशे. हे दुसरं त्यांच्या माहितीपत्रकात अगदी तळाला बारीक अक्षरात आहे आणि काउंटरवरचा मुलगा स्वतःहून त्याबद्दल अवाक्षर काढत नाही, विचारावं लागतं. मी पूर्ण पॅकेज घेतलं होतं, त्यात करेक्शनचा कॉल होताच, म्हणून दोन्ही बघायला मिळालं.

सुरुवातीला गुगल फॉर्म येतो. शिक्षण, अनुभव, स्किल्स, स्ट्रेंथ, वीकनेस, हॉबी. हो, हॉबी. ज्या कंपनीत अप्लाय करायचंय तिच्या जाहिरातीची लिंक मागणारा रकाना मात्र सगळ्यात शेवटी आणि तोही ऑप्शनल. माझ्या मते सगळी गडबड इथेच आहे. कव्हर लेटर हे जाहिरातीला दिलेलं उत्तर असतं, जाहिरातच ऑप्शनल असेल तर उत्तर कशाला देताय तुम्ही? मी तरी लिंक टाकली, बाडेन-व्युर्टेंबर्गमधली मध्यम साइझची कंपनी, कास्टिंगवालीच, त्यांना कस्टमर कम्प्लेंट बघायला क्वालिटी इंजिनियर हवा होता, एट-डी रिपोर्ट, म्हणजे तक्रारीचं मूळ कारण आठ टप्प्यांत शोधून सोडवायचा अहवाल, यायला हवा, व्हीडीए ६.३ ऑडिटचा, म्हणजे जर्मन वाहन उद्योगाच्या प्रोसेस ऑडिटचा, अनुभव असेल तर उत्तम, आशियातल्या सप्लायरशी बोलता यायला हवं. म्हणजे अक्षरशः माझंच काम लिहिलेलं.

लेटर वेळेत आलं, त्याबद्दल तक्रार नाही. दिसायला सुंदर, मार्जिन, फाँट, सही स्कॅन करून बरोबर जागी, वर सांगितलेले स्वल्पविराम जिथल्या तिथे. फॉरमॅटला मी पैकीच्या पैकी देईन. रिझ्यूमे सुद्धा स्वच्छ केला होता, वडिलांचं नाव, मॅरिटल स्टेटस, खालचं ते "वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे" वालं डिक्लेरेशन, सगळं काढून टाकलं, ते बरोबरच केलं. फोटो ठेवायचा की नाही ते मला विचारलं, २००६ च्या समान वागणुकीच्या कायद्यानंतर तिथे कंपन्या फोटो मागू शकत नाहीत पण बरेच जण अजून लावतात, हे नीट समजावून सांगितलं. एवढं काम खरंच चांगलं.

मग मी मजकूर वाचला.

पहिलं वाक्य, "याद्वारे मी आपल्या जाहिरातीनुसार क्वालिटी इंजिनियर पदासाठी अर्ज करत आहे". दुसरं, "आपली कंपनी या क्षेत्रातली अग्रगण्य कंपनी आहे आणि तिने मला नेहमीच प्रेरणा दिली आहे". मी त्या कंपनीचं नाव जाहिरात बघेपर्यंत ऐकलं सुद्धा नव्हतं. तिसऱ्या परिच्छेदात मी टीममध्ये काम करू शकते, ताण सहन करू शकते, लवचीक आहे, मेहनती आहे, नवीन गोष्टी शिकायला उत्सुक आहे. कास्टिंग हा शब्द पूर्ण पानात एकदा, तो पण माझ्या सध्याच्या कंपनीच्या वर्णनात. एट-डी नाही, व्हीडीए नाही, सप्लायर नाही. शाळेत पत्रलेखनाला मार्क मिळायचे तसलं पत्र, माननीय महोदयपासून आपली विश्वासूपर्यंत सगळं जागेवर आणि मधे काहीच नाही.

आमच्याच प्लँटमधल्या मेंटेनन्सच्या एका मुलानेही इथूनच करून घेतलं होतं. आम्ही दोघांनी जेवायच्या सुट्टीत मोबाइल शेजारी शेजारी ठेवले. तिसरा परिच्छेद शब्दाला शब्द तोच. पहिल्यात पोस्टचं नाव बदललेलं, दुसऱ्यात कंपनीचं. लग्नपत्रिकेचा मजकूर असतो ना छापखान्यात तयार, चिरंजीव आणि चिरंजीव सौभाग्यकांक्षिणीच्या पुढे नावं भरली की झालं, तसं. तो हसत सुटला, मला हसू आलं नाही कारण माझे साडेसात गेले होते आणि त्याला डिस्काउंट मिळाला होता.

याहून गंभीर दोन गोष्टी आहेत आणि त्या प्रत्येकाने स्वतः तपासा, सर्व्हिस कुठलीही असो. एक, शेवटच्या परिच्छेदात त्यांनी लिहिलं होतं की मी तत्काळ रुजू होऊ शकते. माझा नोटिस पिरियड तीन महिने आहे, फॉर्ममध्ये मी तो भरला होता, आणि वर व्हिसाचा वेळ वेगळाच. तिथल्या पत्रात शेवटी कधीपासून येऊ शकाल ते लिहायची पद्धत आहे आणि ते लोक ती तारीख मनावर घेतात, आपल्यासारखं "बघू, बायआउट करू", म्हणजे नोटिसचे पैसे भरून लवकर सुटू, असं नसतं. दुसरं, पगार. जाहिरातीत पगाराची अपेक्षा लिहा असं स्पष्ट म्हटलं होतं, आणि लेटरमध्ये काय, तर "कंपनीच्या नियमांनुसार". हे शुद्ध आपल्याकडचं. तिथे विचारलंय म्हटल्यावर वर्षाचा ग्रॉस आकडा युरोमध्ये लिहायचा असतो, महिन्याचा नाही, इन हँड नाही. आणि आपल्यासारख्यांना तो आकडा हवेत टाकून चालत नाही, कारण ब्लू कार्डला, म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदारांच्या तिथल्या परवान्याला, पगाराची किमान मर्यादा असते, २०२५ साठी ती वर्षाला ४८,३०० युरो होती आणि इंजिनियरसारख्या टंचाईच्या व्यवसायांना साधारण ४३,७६०, दरवर्षी बदलते. म्हणजे स्वस्तात मिळेल असं दाखवायला तुम्ही चाळीस हजार लिहिले तर स्वतःच्याच ब्लू कार्डवर पाणी सोडलंत. ज्यांचा धंदाच जर्मनीला पाठवण्याचा आहे त्यांना हे माहीत नसेल असं मला वाटत नाही, फॉर्म कोणी वाचतच नाही एवढाच त्याचा अर्थ.

मी मेल केला, उत्तर आलं की "मॅम, कंटेंट आमच्या एक्स्पर्टने लिहिलाय, एक रिव्हिजन फ्री आहे". कुठला एक्स्पर्ट ते आजकाल कुणालाही कळतं, चॅटजीपीटीला सांगितलं तर तो पण याच क्रमाने टीम, ताण, लवचीक असं लिहून देतो, फुकट.

आता चांगला भाग. फ्री रिव्हिजन म्हणजे तोच करेक्शनचा कॉल निघाला, आणि कॉलवर होत्या एक मॅडम, आयुष्यभर जर्मन शिकवलेल्या, आता निवृत्त, घरून हे काम करतात. आवाजावरून कडक. त्यांनी लेटर उघडलं, अर्ध्या मिनिटात म्हणाल्या, "अगं हे टीमबीम राहू दे. जाहिरातीत त्यांनी माणूस कशासाठी मागितलाय ते वाच मला." मी वाचलं. "मग यातलं तू काय केलंयस? शेवटचं केव्हा केलंस? मराठीत सांग, जर्मनचं मी बघते."

मी सांगितलं. आमच्याकडे एका हाउसिंगचा पार्ट मशीनिंग झाल्यावर लीक टेस्टला फेल जात होता, शंभरातले चारेक, कस्टमरकडून कम्प्लेंट, रोज कॉल. सगळे मेटलच्या नावाने ओरडत होते. पोरॉसिटी, म्हणजे मेटलमधली पोकळी, कुठे येतेय ते पार्ट कापून बघितलं तर दरवेळी त्याच कोपऱ्यात, म्हणजे मेटल नाही, डाय. डायच्या त्या भागातली कूलिंग लाइन क्षार साचून जवळजवळ बुजली होती, पाणी फिरत नव्हतं, तो भाग गरम राहून तिथलं मेटल शेवटी घट्ट व्हायचं आणि आकसून पोकळी राहायची. लाइन साफ केली, तिला फ्लो मीटर लावला, डायच्या प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सच्या चेकलिस्टमध्ये ते घातलं, एट-डी बंद केला, रिजेक्शन एक टक्क्याच्या खाली.

मॅडम गप्प. मग म्हणाल्या, "मला यातलं पोकळी सोडून काही कळलं नाही, पण त्यांना कळेल. हे दुसऱ्या परिच्छेदात घाल, सहा ओळींच्या वर नको. आणि पहिल्या ओळीत अर्ज करतेय म्हणून सांगू नकोस, विषयाच्या ओळीत ते आलंय, त्यांनाही दिसतंय." मग पहिलं वाक्य आम्ही असं केलं की आपल्याला कास्टिंगच्या ग्राहक तक्रारी एट-डीने सोडवणारी व्यक्ती हवी आहे, गेली चार वर्षं मी चाकणला हेच काम करते. बस, कंपनीची स्तुती शून्य. कंपनीबद्दल एकच ओळ ठेवली, तीही मी त्यांच्या वेबसाइटवर बघितलेल्या प्रॉडक्टबद्दल, ज्यात आमच्यासारखाच लीक टेस्टचा विषय येतो.

व्हीडीए ६.३ चं मी ट्रेनिंग केलंय पण स्वतः लीड ऑडिट केलेलं नाही, मी म्हटलं अनुभव आहे असंच लिहू का. "ट्रेनिंग केलंय तर ट्रेनिंग लिही. इंटरव्ह्यूत विचारलं तर काय सांगशील?" आणि जिथे जिथे "मला आनंद झाला असता" छापाची नम्र क्रियापदं होती ती सगळी सरळ करून टाकली, भेटायला आवडेल याच्याऐवजी भेटीची वाट बघते. आपल्याला वाटतं तेवढं वाकून लिहिलं की सभ्य दिसतं, त्या म्हणाल्या तिथे ते डळमळीत दिसतं. शेवटी तीन महिन्यांचा नोटिस पिरियड, त्यापुढची शक्य असलेली तारीख, आणि पगाराचा आकडा, एका ओळीत. जर्मन बी टू आहे हे वेगळं मिरवायची गरज नाही, पत्र जर्मनमध्येच आहे, सर्टिफिकेट जोडलंय, खाली सहपत्रांत दिसेल.

"प्रति संबंधित महोदय/महोदया" असं जे सर्व्हिसने घातलं होतं त्यावर पण त्यांनी ऐकवलं. जाहिरातीत खाली फोन नंबर होता, म्हणाल्या फोन कर आणि हे पत्र कुणाच्या नावाने पाठवू ते विचार, त्यात लाजण्यासारखं काही नाही. केला. जर्मनमध्ये फोन करायचा म्हणजे पोटात गोळा, पण कंपनीतल्या बाईंनी एका मिनिटात नाव सांगितलं, स्पेलिंगसकट.

चाळीस मिनिटांचा कॉल असेल. साडेसात हजारातलं जे काही वसूल झालं ते या कॉलमध्ये. म्हणूनच म्हणतेय की अठराशेवालं घ्या, कारण माणूस तोच मिळतो. फक्त स्वतःचा कच्चा मसुदा घेऊन जा, कितीही मोडक्या जर्मनमध्ये असू दे, इंग्रजीत असला तरी मॅडमना चालतो, आणि जाहिरातीची प्रिंट समोर ठेवा. रिकाम्या हाताने गेलात तर त्याही काय करणार.

त्या कंपनीकडून टीम्सवर इंटरव्ह्यूचा कॉल आला. लेटरमुळेच आला असं मी म्हणणार नाही, प्रोफाइलच जुळत होतं. पण त्या क्वालिटी हेडचा पहिला प्रश्न कूलिंग लाइनवर होता, फ्लो मीटरचं रीडिंग कोण बघतं आणि किती वेळाने, म्हणजे वाचलं होतं हे नक्की. पुढचा राउंड अजून व्हायचाय.

काही जण म्हणतील की हे सगळं कशाला, आता लेटर कुठे लागतं. अर्धं खरं आहे. ड्यूश बानने, म्हणजे तिथल्या रेल्वेने, २०१८ मध्येच अप्रेंटिसच्या अर्जासाठी कव्हर लेटरची अट काढून टाकली, मुलांना अर्ज करणं सोपं जावं म्हणून. मोठ्या कंपन्यांच्या पोर्टलवर बऱ्याचदा तो रकाना ऑप्शनल असतो आणि आयटीवाल्यांचं तर त्याशिवाय सर्रास चालतं, त्यांनी या सर्व्हिसच्या वाटेला जायचीच गरज नाही. पण मध्यम कंपन्या, गावाबाहेर फॅक्टरी, अर्ज थेट ईमेलवर, तिथे अजून सगळी कागदपत्रं एकत्र पीडीएफ करून मागतात आणि लेटर पहिलं पान असतं. परदेशातून अर्ज येतोय म्हटल्यावर त्यांच्या मनात तीनच शंका, हिला भाषा येते का, काम खरंच येतं का, आणि कधी येणार. रिझ्यूमेत या तिन्हीचं उत्तर एका जागी मिळत नाही.

लिंक्डइनचं "ऑप्टिमायझेशन" विसरलेच, त्यांनी हेडलाइनमध्ये पॅशनेट हा शब्द घातला आणि मागे निळं बॅनर लावलं. मी दोन्ही काढलं.

बाकी व्यवहार. पैसे आधी पूर्ण घेतात, यूपीआय चालतं, रिफंड नाही असं पावतीच्या मागे लिहिलंय. फाइल फक्त पीडीएफमध्ये देतात, वर्ड फाइल मागितली तर टाळाटाळ, कारण पुढच्या कंपनीसाठी तुम्ही स्वतःच बदल केलेत तर त्यांचं कसं होणार, तेव्हा वर्ड फाइल मिळेल हे पैसे द्यायच्या आधी मेलवर लिहून घ्या. मॅडमचा स्लॉट शनिवारी सकाळचा मागा, वीकडेला त्या संध्याकाळी उशिरा बसतात आणि एकामागून एक कॉल असल्यामुळे मधेच आवरतं घेतात. काउंटरवर "करेक्शन ओन्ली" असं म्हणायचं, त्याशिवाय त्या मुलाला कळत नाही, किंवा कळूनही न कळल्यासारखं करतो.